देवी एस्टीनं गेली

त्या मंगळवारी आमच्या घराच्या म्होरल्या सोप्यात कोण कोण हुतं ते आधी सांगते, म्हणजे मागनं कुणी म्हणायला नको की आमी तितं नव्हतोच.

आत्याबाई हुत्या, म्हणजे माझी सासू, उंबऱ्याजवळ पाटावर बसलेल्या. थोरलं दीर गणपतदादा हुतं, खांबाला टेकून, टोपी हातात धरून. आमचं मालक हुतं, दादांच्या मागं, जल्मभर ऱ्हायलं तसं. देवरशी तातोबा हुता, म्होरं लिंबाचं आन् कुकवाचं ताट. गल्लीतल्या चार बायका नारळ घिऊन आलत्या. दादांची पोरगी सुमी दाराआड उभी हुती, नखं खात. आन् सगळ्यांच्या मदी घोंगड्यावर माझी थोरली जाऊ, हौसाक्का. केसं सुटल्याली, तोंड उघडं, छाती लोहाराच्या भात्यागत वरखाली.

आन् मी हुते. माझ्या हातात धुपाटणं हुतं. ऊद मीच घालत हुते.

साल इचारू नका. गावात एस्टीडीची पेटी आलती आन् मोबाईल कुणाकडं नव्हता, त्यातलं हाय. आमचं गाव कोल्हापूरपासनं एस्टीनं अर्ध्या तासावर. चौफेर ऊस. दिवाळी झाली की गुऱ्हाळं पेटायची आन् शिमग्यापतूर गावाला गुळाचा वास यायचा. भाईरची माणसं म्हणायची, काय गोड गाव हाय ओ तुमचं. त्यास्नी काय ठावं, रस आटवायच्या काहिलीखाली जाळ कोण घालतंय.

हौसाक्का घालायची. गुऱ्हाळावर काहिलीखालचं जे चुलवाण असतंय ना, त्यात उसाची वाळकी चिपाडं ढकलायचं काम बाप्यांचं. पण लगीन होऊन आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी घरचा गडी पळाला आन् दादा म्हणलं, हौसा, चार दिस तू बघ. ते चार दिस अठरा वर्सं चाललं. पहाटे चुलवाण, दुपारी रान, संध्याकाळी घरातली चूल. घरातल्या चुलीला धुराडं नव्हतं. खिडकी बी नव्हती. खिडकी केली तर मांजर येतंय, आत्याबाई म्हणायच्या. मांजर येऊ ने म्हणून आमी दोन बायका वीस वर्सं धुरात बसलो. मांजर यायचं ते येतच हुतं, दारातनं.

पावसाळ्यात तर बघाय नको. वली चिपाडं, वल्या शेण्या. फुकणीनं फुकून फुकून डोळं निखाऱ्यागत व्हायचं. हौसाक्का चुलीला शिव्या द्यायची. "पेटतीस का न्हाई गं सटवे? तुज्या आयला सांगू का?" मग माज्याकडं बघून म्हणायची, "धाकले, हिला पेटवायची म्हणजे हिच्यापेक्षा जास्ती जळावं लागतंय."

उंच बाई. अशी उंच की दाराला कायम वाकायची, आन् वाकताना म्हणायची, "नमस्कार हं घरा." चालायला लई भारी. दोन घागरी डोईवर, एक कमरंवर, आन् आमच्या म्होरं दहा पावलं. मी मागनं वरडायची, आक्का थांब की. ती म्हणायची, "थांबलं की डोईवरचं जड हुतंय."

आन् च्या. तिचा च्या ऱ्हायला सांगायचा. बशीत वतून घ्यायची काठोकाठ, आन् व्हट चंबूगत करून फूऽऽ करून फुकायची. लांब. तीन डाव. मगच भुरका. आत्याबाई चिडायच्या, "भाईर ऐकू जातंय गं!" ती म्हणायची, "जाऊ द्या की. गावाला कळू दे, हौसाला बसून च्या मिळाला."

त्या बशीचं ध्येन ठेवा. म्होरं तिचं काम हाय.

खोकला कवा लागला ते कुणाला ठावं न्हाई, कारण कुणी बघितलंच न्हाई. चढ चढताना थांबाय लागली. मग सपाटीवर थांबाय लागली. मग एक दिस माज्या मागं राह्यली. मी वळून बघितलं तर रस्त्याकडंला घागर खाली ठेवून गुडघ्यावर हात टेकून उभी. मी म्हणलं, काय झालं आक्का? ती म्हणली, "काय न्हाई. वाट वाडवलीया कुणीतरी."

घरात बिडी वडायचं एकच मानूस, दादा. त्यास्नी ठसका सुदिक न्हाई. जिनं जल्मात बिडी हातात धरली न्हाई तिची छाती करपली. ह्याचा न्याय कुणाकडं मागायचा?

पयल्यांदा घरात तिची बशी येगळी झाली. टीबी असंल, म्हणं. बशी येगळी, तांब्या येगळा, हातरूण मागं परड्याकडं. सुमीला जवळ जाऊ दीनात. तालुक्याच्या डाक्टरनं थुकी तपासली, फोटू काढला, म्हणला टीबी न्हाई. आमी म्हणलं बरं झालं. तर तो म्हणतोय, "काही विशेष नाही. बाईंच्या मनात आहे. विचार कमी करा."

इचार कमी करा! इचार काय मीठ हाय व्हय, कमी घालायला?

त्या एका वाक्यानं वाट लावली. घरी येऊन दादांनी तेच सांगितलं, मनात हाय तिच्या. झालं. तवापासनं ती दमली की नाटक. बसली की नाटक. आत्याबाई म्हणायच्या, "आमाला न्हाई कधी दम लागला? काम सरंस्तवर दम बी गप बसायचा आमचा." हौसाक्का पदर खोचायची. उठायची, भाकरी थापायची, पाच भाकरीला दोनदा भिताला टेकायची.

मग नवरात्र आलं. घरात पावणं, चूल दुपारपासनं पेटल्याली, दार लावल्यालं. आन् तिला त्यो झटका आला. हे मी डोळ्यानं बघितलंय. श्वास आत जाईना, आत गेला त्यो भाईर यीना. डोळं मोठ्ठं झालं. अंग थरथराय लागलं. बुचडा सुटला. तोंडातनं नुसता घुमल्यागत आवाज. आन् एक हात वर करून ती दाराकडं दाखवाय लागली.

शेजारची तानीबाई वरडली, "अगं अंगात आलं! देवी आली गं!"

सगळं घर हात जोडून उभं. आत्याबाई, ज्या सकाळी तिला नाटकी म्हणाल्या हुत्या, त्या तिच्या पायावर पडल्या. दाराकडं दाखवणाऱ्या त्या हाताखाली लोकांनी डोकी घातली, आशीर्वाद म्हणून. दार कुणीच उघडलं न्हाई. उलट कुणीतरी म्हणलं, ऊद घाला, ऊद. आन् मी ऊद घातला.

घुसमटलेल्या बाईला आमी धूर दिला. ह्यापेक्षा शाणपणा आमच्याकडं नव्हता.

तवापासनं दर मंगळवार. तातोबा देवरशी याय लागला. लोकं याय लागली, पोरीचं लगीन जमंना, म्हस आटली, पोरगा दारू सोडंना. तिला सोप्यात घोंगड्यावर बसवायचं, दार लावायचं, म्होरं धुपाटणं धरायचं. धूर भरला की तिला दम लागायचा, दम लागला की भ्या वाटायचं, भ्या वाटलं की अंग थरथरायचं. लोकं म्हणायची, आली, आली. दादांच्या घराला देवीचं घर म्हणाय लागली. दादा टोपी झटकून पारावर बसाय लागलं. जल्मात त्यास्नी कुणी "या, बसा" म्हणलं नव्हतं.

मी एकदा तिचं केस विंचरत हुते. तिनं माझं मनगट धरलं. "धाकले, देवी न्हाई गं माज्यात. धूर हाय."

मी काय म्हणलं ठावं हाय? मी म्हणलं, "गप बस आक्का. आजपतूर कुणी पाया पडलंय का तुज्या? पडत्यात तर पडू दे. चुलीपुढं तरी बसावं लागत न्हाई."

तिनं माझं मनगट सोडलं. मग म्हणली, "ते बी खरंच म्हणा." आन् हसली. ते हसणं मला आजून टोचतंय. कारण ते खरं हुतं. देवी झाल्याबिगर त्या घरात बाईला बसाय मिळत नव्हतं.

पण बसून तिचं आतलं संपाय लागलं. शिव्या बंद झाल्या. च्या सुदिक कपातनं, न फुकता, गार झाल्यावर. पडली की श्वास बंद पडंल म्हणून भिताला टेकून बसायची, झोपायची न्हाई. सुमी जवळ आली तर म्हणायची, जा, लांब जा, मला बघू नको. एकदा दुपारची हिरीच्या काठावर बसल्याली दिसली. मी गेले, शेजारी बसले. ती पाण्याकडं बघतच म्हणली, "कट्टाळा आलाय गं धाकले. एकेक श्वास मागून घ्यायचा म्हणजे भीक हाय ही. न्हाई मागायचा मला आता."

मी तिचा पदर माज्या पदराला गाठ मारून घरापतूर आणली. कुणाला सांगितलं न्हाई. सांगून काय केलं असतं त्यांनी? आणखी एक मंगळवार वाडवला असता.

आता त्या मंगळवारचं सांगते, ज्याची नावं वर दिल्यात.

त्या दिशी पाऊस. दार लावल्यालं, वरनं कोंदट. तातोबा म्हणला, आज देवी लई जोरात हाय, ऊद वाडवा. मी वाडवला. तिची नखं निळी दिसाय लागली. मला दिसत हुतं, सांगते ना. मला दिसत हुतं आन् माझा हात थांबत नव्हता, कारण सगळी बघत हुती.

आन् ती उठली. कशाच्या जोरावर उठली ते देवालाच ठावं, म्हणजे कुणालाच न्हाई. माज्या हातातलं धुपाटणं हिसकलं आन् फेकलं ते थेट भितावर. निखारं तातोबाच्या धोतरावर. तातोबा नाचाय लागला. तिनं कडी काढली, दार उघडलं, आन् भाईर पडली. अनवाणी, पावसात.

आन् आमच्या सोप्यातली मंडळी काय करत हुती? हात जोडत हुती. "देवी कोपली! देवी कोपली!"

मी आन् सुमी पळालो. ती पयल्या लायटीच्या डांबापतूर गेलती. डांबाला मिठी मारून खाली घसरत हुती, वरनं पाऊस, तोंड आभाळाकडं. सुमी गावातनं वरडत पळाली आन् साखर कारखान्याकडनं येणारी एक जीप थांबवली. ड्रायव्हर बिद्रीकडचा. त्यानं काय इचारलं न्हाई, नुसतं दार उघडलं. "पावणं, मागं घ्या त्यास्नी, काचा खाली करा." त्या माणसाचं नाव मला ठावं न्हाई. पण त्या दिशी अक्कल असल्याला तेवढाच एक बाप्या भेटला.

कोल्हापुरातल्या मोठ्या दवाखान्यात तिला नाकात हवेची नळी लावली. तिथल्या डाक्टरनं छातीला यंत्र लावून ऐकलं, एका नळीत जोरानं फुकायला लावलं, आन् मला इचारलं, "चूल कशावर पेटवता? किती वर्षं?" मी सांगितलं. चुलवाणाचं बी सांगितलं. ऊदाचं सांगताना माझी मान वर हुईना. त्यो म्हणला, "मावशी, यांच्या छातीतल्या नळ्या धुरानं आखडल्यात. गेलेलं परत येणार नाही. पण आहे ते सांभाळता येतं." त्यानं तोंडानं औषध वडायचा पंप लिहून दिला.

मग आली वैशालीताई. व्यायाम शिकवणारी. शहरातली, बारीक चणीची, घड्याळ उलटं मनगटावर. हौसाक्काच्या खाटंवर बसली. खाटंवर! घरात जिची बशी येगळी, तिच्या मांडीला मांडी लावून बसली.

"मावशी, नाकानं श्वास घ्यायचा. आणि ओठ गोल करून हळूहळू बाहेर सोडायचा. मेणबत्ती नुसती हलली पाहिजे, विझायला नको."

हौसाक्काला जमंना. तोंडानंच घ्यायची, घाबरी व्हायची, हात झाडायची. दोन दिस असंच. "न्हाई जमायचं ताई. लगीन झाल्यापासनं भाईर सोडायची सवयच न्हाई मला. सगळं आतच ठेवल्यालं."

तिसऱ्या दिशी मी भाईरनं च्या आणला. कप, बशी. तिनं बशीत वतला. किती म्हयन्यांनी वतला हुता. व्हटाचा चंबू केला आन् फूऽऽ. लांब. एक, दोन, तीन.

वैशालीताई ताडकन उठली. "मावशी! हेच! अहो हेच करायचंय!"

हौसाक्कानं बशीवरनं बघितलं. "हे? ह्याच्यासाठी कालेज शिकलासा तुमी?"

आख्खा वार्ड हसला. मी तिला नवरात्रापासनं पयल्यांदा तोंड वर करून बघताना बघितलं.

मग ताईनं तिला ते इचारलं जे आमच्यापैकी कुणी इचारलं नव्हतं. "मावशी, दम लागल्यावर भीती वाटते का हो? मरू असं वाटतं?"

हौसाक्का हातात बशी धरून रडली. आवाज न करता. ताई पाठीवर हात फिरवत ऱ्हायली. मग सांगितलं, दम लागला की मानूस भितंय, भ्यालं की श्वास आखूड हुतोय, आखूड झाला की आणखी दम. मनाच्या डाक्टरला बी भेटा म्हणली. हौसाक्का तडकली, "मी येडी न्हाई."

"कोण म्हणतंय वेड्या? पायाला लागलं तर पायाच्या डॉक्टरकडं जातो ना आपण?"

गेली ती. मी बी संगं गेले. त्या डाक्टरनं अर्धा तास नुसतं ऐकलं. हिरीचं बी तिनं सांगितलं, माज्याकडं न बघता. मग मला भाईर बसवून तिच्याशी बोलला, गोळ्या दिल्या थोडं दिस, परत बोलाय बोलवलं. ती भाईर आल्यावर मी म्हणलं, काय म्हणलं गं डाक्टर? ती म्हणली, "छाती आन् मन दोन जावा हाईत, म्हणलं. एक रुसली की दुसरीचं बी काम अडतंय." डाक्टर तसं म्हणला नसंल. हे तिचंच.

घरी आणली तर सोप्यात खाट मांडल्याली. दादा म्हणलं, "आता काय करायचं न्हाई. बसून ऱ्हायाचं. लागंल ते हाताला मिळंल." आत्याबाईंनी वाकळ धुऊन हातरली. सगळी लई मायेनं वागत हुती, हेच अवघड हुतं. राग आलेल्या माणसाला सांगता येतंय. माया करणाऱ्याला काय सांगायचं, की ओ, तुमी मला जित्ती पुरताय?

ती खाटंवर एक दिस बसली. दुसऱ्या दिशी सकाळी लुगड्याचा काष्टा आवळला, पंप चंचीत घातला, चंची कमरंला, आन् भाईर पडली. पयल्या डांबापतूर. डांबाला हात टेकला, व्हट चंबू करून फूऽऽ, आन् माघारी. आठ दिसांनी दुसरा डांब. ताईनं सांगितलं हुतं, दम लागंस्तवर चालायचं, थांबायचं, फुकायचं, परत चालायचं. बसला तो संपला, म्हणली हुती.

गाव हसला. पोरंटोरं मागनं फूऽ फूऽ करायची. पारावरनं कोण तरी वरडायचं, "काय हौसाकाकी, पोलिसात भरती व्हणार काय?" ती डांबाला टेकून दम घिऊन, सावकाश उत्तर द्यायची, पण द्यायचीच. "व्हतो की. पयला तुलाच धरतो."

आत्याबाई म्हणल्या, "काम करताना दम लागतोय, हिंडताना लागत न्हाई व्हय गं?"

"लागतोय की आत्याबाई. म्हणूनच हिंडतोय."

मंगळवारी बायका नारळ घिऊन दारात. तिनं त्यास्नी बसवलं, च्या दिला, नारळ ज्याचा त्याच्या वटीत परत टाकला. तानीबाई घाबरत म्हणली, "हौसा, देवी?"

"गेली."

"कुठं गं?"

"ठावं न्हाई. एस्टीनं गेली."

ह्या एका बोलण्यावर दादा तिच्याशी म्हयना दोन म्हयने बोललं न्हाईत. पारावरची जागा गेली ना. रस्त्यावर बाई हिंडती, लोकं हसत्यात, घराची अब्रू जाती. मला म्हणलं, तू सांग तिला. मी तवा पयल्यांदा दीराला त्वांड वर करून बोलले. "दादा, घुसमटत हुती तवा अब्रू वाडत हुती व्हय?" आमचं मालक मागं उभं हुतं.  त्या रातीला त्यांनी माज्या हातची भाकरी न बोलता जास्तीची एक घेतली. त्यांचं तेवढंच बोलणं असायचं.

गॅस घ्या म्हणलं तर आत्याबाई म्हणल्या, गॅसच्या भाकरीला चव न्हाई. मग खिडकी तरी काढा. दादा म्हणलं, सुगीनंतर बघू. सुगी झाली, बघितलं न्हाई.

एक दिस मी रानातनं आले तर सैपाकघरात खरडल्याचा आवाज. हौसाक्का चुलीमागच्या भिताला मोडकी पहार घिऊन बसल्याली. मातीच्या भेंड्यांचं भीत आमचं. एक घाव घालायची, पहार खाली ठेवायची, फूऽऽ करायची. परत एक घाव. असं दहा घाव झालं की त्या दिसाचं काम बंद. माती सुपात भरून परड्यात. दुसऱ्या दिशी परत दहा. उंदरागत कोरत हुती.

दादा आलं, बघितलं, वरडलं. "भीत पाडतीस व्हय घराचं?"

ती दम खाऊन म्हणली, "पाडत न्हाई. ह्या घराला नाक न्हाई. नाक काढतोय."

चौथ्या दिशी मी दुसरी पहार आणली. तिच्या शेजारी बसले. ती म्हणली, "तू जोरात मार. तुजा दम शाबूत हाय आजून." मी मारलं. काय काय आठवून मारलं ते मलाच ठावं. धुपाटणं आठवून मारलं. सातव्या दिशी हात भाईर गेला. पलीकडं परड्यातली चिंच दिसली, आन् उजेडात इतक्या वर्सांचा धूर सैपाकघरातनं वळवळत भाईर निघाला. आमी दोघी त्याच्याकडं बघत बसलो. आत्याबाई आल्या. बघितलं. म्हणल्या, "मांजर यील." आन् तिथंच बसल्या, उजेडात. त्यास्नी बी वीसाच्या दुप्पट वर्सं झालती त्या धुरात. कुणी इचारलं नव्हतं.

बरी झाली असं मी म्हणणार न्हाई. गेल्यालं परत येत नसतंय. थंडीत आडवी व्हायची, दोन डाव परत दवाखाना झाला. कवा कवा भ्या परत यायचं, मग माजा हात धरून बसायची आन् म्हणायची, "धाकले, मोज." मी मोजायची, ती फुकायची. पण ती सहा-सात पावसाळं जगली, आन् चालत जगली. सुमीचं लगीन झालं, गारगोटीला दिली, तर लग्नात वरातीम्होरं ही. थांबत थांबत, पण म्होरं.

गारगोटीलाच वारली. लेकीकडं गेलती, ताप आला, दोन दिसांत छाती भरली. इकडं दादा पारावर सांगत फिरलं, "घरात बसली असती तर वाचली असती." पंधरा दिस मी ऐकून घेतलं. सोळाव्या दिशी पारावर गेले, बायका जात न्हाईत तितं, आन् समद्यांच्या म्होरं म्हणलं, "घरात बसली असती तर बसून मेली असती. लई आधी. आन् धुपाटणं माज्याच हातात असतं."  

आता ती गारगोटीला गेली ती सकाळ सांगते आन् थांबते.

म्हणली, एकटी जाणार. संगं कुणी नको. मी म्हणलं फाट्यापतूर येते. म्हणली, "दारापतूर ये." दारात वाकली, "नमस्कार हं घरा," म्हणली. कमरंला चंची, हातात पिशवी, पिशवीत सुमीसाठी गुळाची एक ल्हानशी ढेप, ती पण हट्टानं तिनंच घेतल्याली. आमच्या दारापासनं फाट्यापतूर नऊ डांब हाईत. मी उभी ऱ्हाऊन मोजलं. प्रत्येक डांबापाशी ती थांबायची, पिशवी खाली ठेवायची, आन् लांबनं मला नुसती पाठ हलताना दिसायची. फुकत हुती. जणू आख्खा रस्ता बशीत वतून घेतलाय आन् सावकाश गार करून पितीया.

मागं वळून बघितलं न्हाई. नवव्या डांबापाशी पोचली. गारगोटीची एस्टी आली. तिनं एक हात वर केला.

तोच हात. तसाच वर केल्याला. त्या हाताखाली आमी किती डोकी घातली, पण तो काय सांगतोय ते एका ड्रायव्हरला कळलं. एस्टी थांबली. दार उघडलं.

वाचणाऱ्यांनो, मी शिकल्याली न्हाई, नातीनं लिहून घेतलंय. माजं एकच मागणं हाय. तुमच्या घरात कुणाला दम लागत असंल तर पाया पडू नका, धूर घालू नका, बसवून ठेवू नका. आधी दार उघडा.